चाफलेकाकांचा लाँग शॉट

आमच्या हिंगणीत रोज सकाळी साडेसहाला एक माणूस उलटा चालत जातो. म्हणजे डोकं खाली, पाय वर असा नव्हे. पाठ पुढे, तोंड मागे. हातात काठोकाठ भरलेला पितळी गडवा, नजर त्यातल्या पाण्यावर आणि पाय मागचा रस्ता चाचपत. घरापासून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि तसंच उलटं घरी यायचं.

मी इथल्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, नवस असेल. असं वाटणारी मी एकटीच नव्हते. गल्लीतल्या एक आजी त्यांना रोज हात जोडायच्या. एक दिवस त्यांनी धीर करून विचारलं, "कोन्त्या देवाचं हाये रे बापू?"

"देवाचं नाई आजी. ट्रॅकिंगचं हाये."

"नवसाले पावते काय?"

"सराव केला तं पावते."

आजींनी ट्रॅकिंगलाही हात जोडले.

ट्रॅकिंग म्हणजे काय ते काकांनी मला नंतर समजावून सांगितलं. समोरून माणूस चालत येतो आहे, त्याचा चेहरा आपल्याला मोबाइलमध्ये सतत हवा आहे, तर त्याच्यापुढे आपण उलटं चालायचं. हात हलला की चित्र हललं, चित्र हललं की पाहणाऱ्याचं मन उडालं. म्हणून गडवा. पाणी स्थिर तर हात स्थिर. एकदा मागे नाली आहे हे विसरून ते कमरेपर्यंत आत गेले. मी धावले. काका नालीत उभे, हात वर, हातात गडवा.

"मॅडम, पाह्या! थेंब नाई सांडला!"

मधुकर चाफले हे वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वय बासष्ट, अंगाने सडपातळ, मान कायम जराशी वर. कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी तारा बघतात. निवृत्तीनंतर इतर लोक शेती बघतात, मंदिराच्या कमिटीत जातात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी चांगला कॅमेरा असलेला मोबाइल घेतला आणि ते पिच्चर काढायला लागले. काकू म्हणतात, "मले वाटलं, आता हा माणूस घरी राहीन. थे तं मले शेतात नेऊन उभी करून राह्यले अन् म्हणते, जराशी उदास हो."

"मग झालात का उदास?" मी विचारलं.

"घरी पीठ मळून ठेवलं होतं मी. आपोआपच झाली."

काकांचं कॅमेऱ्याचं शास्त्र स्वतःचं होतं. पुस्तक वाचलेलं नाही, कुणाकडे शिकलेले नाहीत. पण बोलायला लागले की आमच्या शाळेतल्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त कळायचं. कॅमेरा आडवा फिरवायचा तर कसा? "बैल मान फिरवते तसा. शेळीसारखा नाई." शेत घ्यायचं तर कुठून? "हे पिकाले विचाराचं. हरभरा झोपते, तुम्ही झोपा. कपाशी बसते, तुम्ही बसा. तूर उभी राह्यते, मंग तुम्ही उभे राहा. तुरीच्या वरून मोबाइल धरला तं तूर दिसत नाई, तुमचा माज दिसते." आणि माणूस घ्यायचा तर? "खालून धरला का पुढारी दिसते. वरून धरला का चोर दिसते. त्याच्या डोळ्याच्या बरोबरीनं बसलं, तवाच तो माणूस दिसते."

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग त्यांनीच केलं. हौसेने, एक रुपया न घेता. हेडसरांनी सगळ्या पालकांसमोर ते पडद्यावर लावलं. पडद्यावर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं, आवाज अगदी स्पष्ट, पण अध्यक्ष कुठेच दिसेनात. दिसत होत्या त्या समोर बसलेल्या लोकांच्या जांभया. एक संपली की दुसरी. छोटी, मोठी, पदराआडची, आवाजाची. मग एक मुलगी, नाचासाठी नटून रंगमंचाच्या कडेला वाट बघत उभी, एका पायाने दुसऱ्या पायाला खाजवते आहे. भाषण संपेपर्यंत तिला चार वेळा रडू येऊन गेलं होतं.

"अध्यक्ष कुठे आहेत?" हेडसर कुजबुजले.

"पोरीच्या तोंडावर," काका म्हणाले.

काकांची कीर्ती खरी पसरली ती म्हशीमुळे. मागच्या आळीतल्या एका शेतकऱ्याला म्हैस विकायची होती. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाइलवर जनावर बघतं. त्याने काकांना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगितलं. कास दिसली पाहिजे, शिंगं दिसली पाहिजेत, एवढंच. काका दोन दिवस गोठ्यात बसले. संध्याकाळचं ऊन तिच्या मागून घेतलं, पाठीवरच्या केसांची सोनेरी कड घेतली, आणि शेवटी तिचा एक डोळा. नुसता डोळा, वीस सेकंद. त्या डोळ्यात गोठ्याचं दार दिसत होतं आणि दारात तिची मालकीण.

पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "हिले आजार कोन्ता हाये?"

दुसऱ्याने विचारलं, "घरात कोणी गेलं काय?"

आणि मालकिणीने तो व्हिडिओ पाहिला तेव्हा ती चुलीपुढून उठली, गोठ्यात गेली आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "इकाची नाई." म्हैस अजून तिथेच आहे. मालक मात्र काका दिसले की रस्ता बदलतो.

हे सगळं गमतीचं. पण काकांच्या मोबाइलमध्ये माणसं आणि म्हशी थोड्या, बाकी सगळा नुसता मुलूख, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. बोर धरणाचा कालवा. सागाच्या जंगलाची कड. पळसाने पेटलेली टेकडी. आणि प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे विजेचा खांब नाहीतर ट्रान्सफॉर्मरची डीपी. पाच-पाच मिनिटं काहीच घडत नाही. तारेवर एक पाखरू येतं, बसतं, उडून जातं. "कशाला घेता हो हे?" असं विचारलं की ते म्हणत, "लाँग शॉट हाये. असू द्या." आणि रोज संध्याकाळी चहा झाल्यावर ते मोबाइल घेऊन घरामागे जात. तिथून कुणाशी तरी भांडल्यासारखा आवाज येई. परत येताना चेहरा कधी फुललेला, कधी पडलेला.

मग टाकीचा दिवस उजाडला.

आमच्याकडे कोणी पाण्याच्या टाकीवर चढलं की त्याचा अर्थ एकच. मागणी मान्य करा, नाहीतर उडी मारतो. त्यामुळे त्या दिवशी उजाडता उजाडता चाफलेकाका टाकीच्या वरच्या कठड्याशी उभे दिसले, तेव्हा दहा मिनिटांत अर्धा गाव खाली जमला. सरपंचबाई केसात अडकलेली फणी तशीच घेऊन धावत आल्या.

"चाफलेभाऊ! तुमची जे काय मागणी असन थे मान्य हाये! पह्यले खाली या!"

वरून आवाज आला, "मागणी एकच! बोलू नोका! आवाज येऊन राह्यला पिच्चरमध्ये!"

पण आवाज खाली पोचेपर्यंत मोडत होता. गर्दीतली एक बाई म्हणाली, "नळ रोज सोडा म्हणते थे!"

"रोज सोडतो!" सरपंचबाई ओरडल्या.

"शाळेजवळचा लाइट लावा म्हणते!" दुसरा कोणीतरी.

"लावतो! भाऊ, पाय मांगं घ्या!"

मी घाबरून काकूंकडे धावले. काकू गॅसपाशी उभ्या होत्या. "उतरतीन," त्या म्हणाल्या. "मी पोहे टाकले."

पोह्यांनीच उतरले की सूर्य वर आला म्हणून, ते सांगता येत नाही, पण उतरले. गावाने टाळ्या वाजवल्या. सरपंचबाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि मग चांगलं झापलं. पुढचे आठ दिवस नळ रोज आला, याबद्दल गाव आजही त्यांचे उपकार मानतं. काका मात्र खाली मान घालून घरी आले. त्यांची मान खाली मी पहिल्यांदाच पाहिली.

"हललं," ते म्हणाले. "मधात हललं, मॅडम. पाह्या तुम्ही."

मी पाहिलं. खाली धुक्यातलं गाव, पलीकडे कपाशी, तिच्यातून खांबांची रांग एकामागे एक लहान होत धरणाकडे गेलेली. सूर्य टेकडीवर आला तशी तार उजळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कुणीतरी तिच्यावरून बोट फिरवत नेलं. खालचा गोंगाट होताच, "नळ रोज सोडतो" वगैरे. पण त्याच्याही आधी, गाव जमण्यापूर्वी, काकांचा अगदी हळू आवाज होता.

"पाह्य लक्ष्मण. चौदा नंबरचा पोल. दिसला काय बे?"

"लक्ष्मण कोण, काका?"

त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

लक्ष्मण मेश्राम आणि मधुकर चाफले, तीस वर्षांची जोडी. खांबावर चढायचा लक्ष्मण. खाली उभं राहायचं, हत्यारं द्यायची, दोर धरायचा आणि तो उतरेपर्यंत वर बघत राहायचं हे काकांचं काम. "मले उंचीचं भेव हाये मॅडम, पह्यल्यापासून. साहेबायले माहीत नव्हतं. लक्ष्मणले होतं. माह्या वाटचा पोलही तोच चढे." आणि वर गेल्यावर लक्ष्मण गप्प बसत नसे. तारा जोडता जोडता खालच्याला सगळं सांगायचा. धरणाचं पाणी आज हिरवं दिसून राह्यलं. तिकडं जंगलाच्या कडेनं चितळं निघाली. तुह्या घरी बायकोनं गोधडी वाळू घातली. "तीस वर्षं मी हा सगळा मुलूख वरून पाह्यला. पण त्याच्या तोंडानं."

दोन वर्षांपूर्वी, निवृत्त होऊन आपल्या गावी, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला गेल्यावर, लक्ष्मणला लकवा मारला. उजवी बाजू गेली. बाजेवरून उठणं नाही. तेव्हा काकांनी मोबाइल घेतला. रोज एक तुकडा पाठवायचा, आणि संध्याकाळी लक्ष्मणची बायको फोन त्याच्या तोंडाशी धरायची.

"मंग तो शिव्या देते," काका म्हणाले. "बोबडं बोलते, पण शिवी साफ येते. घाई केली बे, थांबला काऊन नाई, थरथरवलं. थरथरते ना मॅडम, माहा हात. दोन वर्षांपासून थोडाथोडा कापते. त्याले सांगतलं नाई मी. म्हटलं, सरावानं जाईन."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

"अन् उंचीचं भेव? टाकीवर कसे चढलात?"

"डोळे मिटून," ते म्हणाले. "वर गेल्यावर उघडले."

त्या हिवाळ्यात काकांनी सगळे तुकडे जोडून एक अखंड पिच्चर केला. हिंगणीपासून धरणापर्यंतची पूर्ण लाइन, चाळीस मिनिटांची. तो एवढा मोठा की मोबाइलवरून पाठवता येईना. मी रविवारी बहिणीकडे आर्वीला निघाले होते. काका दारात आले.

"मॅडम, मधात रोहणा लागते. हा मोबाइल तेवढा लक्ष्मणच्या घरी वहिनीले द्या. येताना घेऊन या."

"तुम्हीच चला ना, काका."

"माहा गुडघा..." त्यांनी सुरुवात केली. उलटा गावभर हिंडणारा गुडघा! मग मोटरचं काहीतरी काम निघालं, मग गॅसवाला येणार होता. आतून काकू इस्त्री केलेला शर्ट घेऊन आल्या आणि त्यांच्या खांद्यावर टाकून परत गेल्या.

वर्ध्याहून पुलगाव, पुलगावहून रोहणा. गाडीत काका खिडकीशी बसले, पण त्यांनी मोबाइल बाहेर काढला नाही. शेतं सरकत होती, तूर पिवळी झाली होती, आणि हा माणूस आपल्या चपलांकडे बघत होता. मी विचारलं, "शॉट नाही घेत?" तर म्हणाले, "नाई. हात गार पडले."

लक्ष्मणचं घर गावाच्या शेवटाला, दारात शेवग्याचं झाड. शेवंताबाई, म्हणजे लक्ष्मणची बायको, अंगणात शेंगा निवडत होत्या. काकांनी लांबूनच हात जोडले, "जयभीम, वहिनी." त्या उठल्या, बघत राहिल्या आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दोन वर्षं झाले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज वाट सापडली काय?"

तेव्हा मला कळलं. रोज एक व्हिडिओ पाठवणारा हा माणूस लकवा झाल्यापासून एकदाही इथे आला नव्हता.

आत बाजेवर लक्ष्मण. एकेकाळी धिप्पाड असावा. आता पांढरी दाढी, एका बाजूला ओढलेलं तोंड, डोळे मात्र लखलखीत. काका उंबऱ्यावरच थांबले. त्यांची नजर सवयीने आधी वर गेली, आढ्याकडे, तिथून भिंतीवर, आणि मग हळूहळू खाली बाजेवर आली.

"मध्या," लक्ष्मण म्हणाला. "म्हातारा झाला बे."

"तू काय पोट्टा राह्यला?"

एवढ्यावर दोन वर्षांचं भागलं. काका बाजेशेजारी जमिनीवर बसले, डोळ्याच्या बरोबरीने. दारातून ऊन येत होतं, मोबाइलवर काही दिसेना. शेवंताबाईंनी दोघांच्या डोक्यावर चादर टाकली. बाहेरून आम्हाला फक्त एक हलणारा डोंगर दिसत होता आणि आतून आवाज येत होते.

"हळू फिरव न बे."

"फिरवलं थे फिरवलं आता. पाह्य चूपचाप."

"हा डीपी बदलला काऊन?"

"जुना जळला."

"मले सांगतलं नाई."

"तू होता काय साहेब?"

मग हसणं. मग लक्ष्मण कुठल्यातरी मोहाच्या झाडाबद्दल काही म्हणाला आणि काका म्हणाले, "हो, तिथीच. तुह्या डब्यात वांगे, माह्या डब्यात वांगे. चार दिवस." शेवंताबाई चहा घेऊन चादरीपाशी उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. चहा दोनदा गरम करावा लागला.

चाळीस मिनिटं झाली. चादर निघाली. दोघांचे केस विस्कटलेले. काका निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे लक्ष्मणकडे बघत होते.

लक्ष्मण शब्द गोळा करत होता. त्याला वेळ लागायचा.

"सगळं हाये," तो म्हणाला. "कॅनल हाये. पोल हाये. मोह हाये." डावा हात उचलून त्याने मोबाइलवर एक बोट टेकवलं. "तू कुठी हाये?"

"मी तं काढून राह्यलो ना बे. मी मांगं हावो."

"दोन वर्षं," लक्ष्मण म्हणाला. "रोज शोधतो. तू कुठीच नाई."

काका जमिनीवरच्या सारवणाकडे बघत राहिले. शेवंताबाईंनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"कुठी दाबाचं, बाई?" त्यांनी मला विचारलं. मी दाखवलं.

"वहिनी, उजेड माह्या पाठीमांगं येऊन राह्यला," काका चटकन म्हणाले. "तुम्ही जराशा इकडून..."

"चूप बैस," लक्ष्मण म्हणाला, आणि चांगल्या हाताने काकांची कॉलर धरून त्यांना आपल्या शेजारी बाजेवर ओढलं.

परतीच्या वाटेवर काकांनी तो व्हिडिओ पुलगावपर्यंत किती वेळा पाहिला, मी मोजलं नाही. मीही बहिणीकडे न जाता त्यांच्याबरोबरच परत फिरले होते. बहिणीला फोनवर काय कारण सांगायचं, ते माझं मलाच ठरवता येईना. पुलगावच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. चित्र भूकंपात काढल्यासारखं हलत होतं. अर्धा वेळ शेवंताबाईंचा अंगठा, मग छत, मग बाजेचा पाय. मधूनच दोन म्हातारे, एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली, दोघांच्याही तोंडातून एकाच वेळी शिव्या निघताहेत आणि दोघांचेही डोळे पुसायचे राहिलेत.

"काका, अंगठा कापता येईल का हो यातला?" मी विचारलं.

"कापाचं काऊन? वहिनी हाये थे," ते म्हणाले.

मग ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघताच बोलले, "मले वाटे मॅडम, लक्ष्मण म्हणजे वर असते. हा असा खाली... मले पाह्यणं जमलं नसतं. म्हणून नाई गेलतो." गाडी सुरू झाली. "पण तसाच हाये ना तो? तसाच शिव्या देते."

"अगदी तसाच."

त्यांनी लगेच रोहण्याला फोन लावला. गाडीच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या प्रवाशांना ऐकू गेलं.

"वहिनी, त्याले म्हणा, येत्या रविवारी येऊन राह्यलो! म्हणा, दाढी करून ठेवजो!"

पलीकडून लक्ष्मण काय म्हणाला ते मला कळलं नाही. पण काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि ते पूर्ण गाडीकडे बघून, अभिमानाने म्हणाले, "पाह्या, शिवी कशी साफ आली!"